तुलनात्मक वाइन टेस्टिंग : कुठली मांडणी कशासाठी

११ जानेवारी २०२५

गटाच्या टेस्टिंगला एक धड पद्धत लावायची, हे काम अंगावर घेतलं आहे. सध्या जे चालतं त्याला तुलना म्हणणं कठीण. पाच-सहा बाटल्या टेबलावर, लेबलं समोर, गप्पा सुरू, आणि जो आधी आणि ठासून बोलतो त्याचं मत अर्ध्या तासात सगळ्यांचं होतं. मजा येते, नाही असं नाही.

पद्धतींची यादी करण्याआधी प्रश्नांची केली. गटातल्या मंडळींना खरं काय जाणून घ्यायचं असतं? एकाच भागातल्या उत्पादकांमध्ये फरक किती. अमुक वाइन ठेवून सुधारते का. या दोन ग्लासांत मुळात काही फरक आहे का. आणि आपल्याला आवडते कुठली. चारही प्रश्न एका माळेतले वाटतात, पण एकाची मांडणी दुसऱ्याला चालत नाही. एका संध्याकाळी चारही उरकायला गेलं की एकाचंही उत्तर धड मिळत नाही.

एक नियम आजच पक्का केला. आवडीचा क्रम लावायचा असेल तेव्हा रांगेत एक वाइन दोनदा ठेवायची, वेगवेगळ्या नंबरांखाली. कुठली, ते फक्त ओतणाऱ्याला माहीत. याला आम्ही ‘जुळा ग्लास’ म्हणणार. कल्पना रॉबर्ट हॉजसन यांच्याकडून घेतली आहे. हे निवृत्त प्राध्यापक, स्वतः वाइन बनवणारे. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन एकाच फेरीत तीनदा दिली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिन्ही वेळा जवळपास तोच दर्जा देणारे परीक्षक दहात एखादाच निघाले. ते सराईत परीक्षक होते. आपण कोण लागून गेलो? जुळा ग्लास असला म्हणजे आजच्या निकालावर किती विसंबायचं एवढं तरी कळतं.

१९ जानेवारी २०२५

मापाचा हिशेब. बाटली ७५० मिलिलिटरची. टेस्टिंगचं नेहमीचं माप ५० मिलि., म्हणजे कागदावर पंधरा ग्लास. प्रत्यक्षात तपासणीचा एक घोट आणि तळाचा गाळ वजा जाता तेरा-चौदाच. चाखणारे बारा आहेत, तेव्हा एरवी प्रश्न नाही. अडचण जुळ्याची: त्याला चोवीस ग्लास लागतात आणि ते एकाच बाटलीतून यायला हवेत, नाहीतर आपण दोन बाटल्यांमधला फरक मोजत बसू. म्हणून माप २५ मिलि. वर आणलं. चोवीस गुणिले पंचवीस, सहाशे. बसतं. सहा ग्लास मिळून माणशी दीडशे मिलि., म्हणजे बाटलीचा पाचवा हिस्सा. तरीही प्रत्येकापुढे पिकदाणी ठेवायचीच. चौथ्या ग्लासनंतर न थुंकणाऱ्याच्या शेऱ्यांमध्ये ‘छान’ या शब्दाचं प्रमाण वाढतं, हे जुन्या कागदांवर दिसतंच आहे.

ग्लास. टेस्टिंगसाठी आयएसओ ३५९१ नावाचं प्रमाण आहे: २१५ मिलि.च्या आसपासचा, तोंडाशी निमुळता ग्लास. बारा जणांचे सहाप्रमाणे बहात्तर झाले. तेवढे एकसारखे कुणाकडेच नाहीत. पण विचार केल्यावर लक्षात आलं की तुलना प्रत्येकाच्या स्वतःच्या सहा ग्लासांमध्ये होते. माझे सहा आपसांत सारखे असले की झालं, शेजारच्याचे वेगळे असले तरी बिघडत नाही. तेव्हा प्रत्येकाने आपापले सहा एकाच घाटाचे आणायचे.

संध्याकाळी माझेच सहा काढून रिकामे हुंगले. दोघांना खोक्याच्या पुठ्ठ्याचा वास. एकाला भांडी पुसायच्या फडक्याचा, आणि तो पाण्याने नुसता विसळून जाईना. गरम पाण्याने धुऊन, उपडा न ठेवता, तोंड वर करून वाळवल्यावर गेला. वाइन ओतल्यावर हाच वास कुणीतरी ‘मातकट’ म्हणून लिहून मोकळं झालं असतं. नियमात भर: ओतण्याआधी रिकामे ग्लास हुंगायचे.

२६ जानेवारी २०२५

पहिली बैठक, आडवी मांडणी. आडवी म्हणजे वर्ष एक, भाग एक, द्राक्ष एक, उत्पादक वेगळे. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागातली सोविन्याँ ब्लाँ ही पांढरी वाइन घेतली, पाच उत्पादकांची. निवडण्याचं कारण असं की या वाइनला सहसा ओक पिंपाचा स्पर्श फारसा नसतो आणि बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, म्हणजे बुचाची भानगड नाही. जेवढ्या गोष्टी सारख्या ठेवता येतील तेवढ्या ठेवल्या, की उरलेला फरक उत्पादकाचा म्हणता येतो.

‘द्राक्ष एक’ हेही लेबलावर डोळे मिटून मानू नये. युरोपीय संघात द्राक्षाचं नाव लिहायला त्या जातीचं प्रमाण ८५ टक्के असलं की पुरतं. अमेरिकेत सर्वसाधारण नियम ७५ टक्क्यांचा. उरलेल्यात काय आहे, हे लेबल सांगायला बांधील नाही. आडव्या मांडणीत पाचही बाटल्या एका जातीच्या हव्या असतील तर उत्पादकाची माहिती वाचूनच घ्यायच्या.

बाटल्या पिशव्यांत, नंबर लावलेले, सगळे ग्लास एकदम भरलेले. पंचवीस मिनिटं अवाक्षर नाही. मग प्रत्येकाने आवडीनुसार एक ते सहा क्रम लिहून कागद माझ्याकडे दिला. जुळे होते दोन नंबर आणि पाच नंबर. एका कागदावर दोनबद्दल “तोंडाला पाणी सुटतं, नेमका आंबटपणा” आणि पाचबद्दल “धार आहे पण दम नाही”. बाटली तीच, ओत तोच.

बारा जणांपैकी पाच जणांनी जुळ्यांना लागोपाठचे क्रम दिले. ऐकायला बरं वाटतं. पण सहा ग्लासांतून कुठलेही दोन निवडायच्या पंधरा जोड्या होतात आणि त्यांतल्या पाच लागोपाठच्या असतात. म्हणजे न चाखता चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी बारातल्या चार जणांचं जमलंच असतं. चारच्या जागी पाच, इतकीच आमच्या जिभेची कमाई. पहिल्या आलेल्या उत्पादकाचं नाव मी जाहीर केलं, पण हेही त्याच दमात सांगितलं. थोडी नाराजी झाली. होऊ दे.

८ फेब्रुवारी २०२५

क्रमाचा विचार. परवा सगळ्यांनी एक ते सहा याच क्रमाने चाखलं. त्यामुळे सगळ्यांचा पहिला ग्लास थंड आणि शेवटचा बराच कोमट होता, आणि प्रत्येक वाइनच्या आधी सगळ्यांच्या तोंडात तीच एक वाइन होती. आंबट वाइननंतर आलेली वाइन गोडसर लागते. लाल वाइनमध्ये तर टॅनिनचा तुरटपणा घोटागणिक साचत जातो आणि शेवटचीच्या नावावर जमा होतो.

शिवाय नुसत्या जागेचाही परिणाम असतो. मँटोनाकिस आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकामागून एक नमुने दिले आणि सगळ्यांत आवडलेला विचारला. प्रत्यक्षात सगळे नमुने एकाच वाइनचे. तरी पहिल्याला झुकतं माप मिळालं, आणि वाइनची जाण असणाऱ्यांकडून लांब रांगेत शेवटच्यालाही. जाणकार माणूस शेवटपर्यंत ‘याहून चांगली येईल’ म्हणून शोधत असतो बहुतेक.

उपाय: प्रत्येकाला वेगळा क्रम. वाटेल तसा नाही, विल्यम्सच्या चौकटीने. पहिल्या माणसाला १-२-६-३-५-४. दुसऱ्याला प्रत्येक आकडा एकने वाढवून २-३-१-४-६-५ (सहाच्या पुढे परत एक), तिसऱ्याला ३-४-२-५-१-६, असं सहाव्यापर्यंत. या सहा ओळींमध्ये प्रत्येक वाइन प्रत्येक जागी एकदा येते आणि प्रत्येक वाइनच्या मागोमाग उरलेली प्रत्येक वाइन बरोबर एकदा येते. स्वतः कागदावर मांडून ताडून पाहिलं, खरंच येते. बारा जण म्हणजे चौकट दोनदा. विषम संख्येला एका चौकटीत हे साधत नाही, दुप्पट ओळी लागतात. म्हणून शक्य तिथे ग्लास सम ठेवायचे. सहा हा आकडा मला असाही आवडतो. त्याच्यापुढे माणूस चाखत नाही, आठवत बसतो.

१६ फेब्रुवारी २०२५

उभी मांडणी: उत्पादक एक, वर्षं वेगळी. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या एका शातोची (वाइनघराची) लाल वाइन, २०१२, २०१४, २०१५, २०१६, २०१८.

बैठकीआधी तासभर बाटल्या उघडल्या. २०१४ ला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास. बुचाचा दोष. कारण ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं रसायन, त्याचे लिटरमागे मोजके नॅनोग्रॅमसुद्धा नाकाला कळतात, आणि त्याहून कमी असलं तर वास येत नाही पण फळाचा गंध दबून जातो, ते जास्त वाईट. आडव्या मांडणीत राखीव बाटली ठेवता येते. इथे त्या वर्षाची दुसरी बाटली मिळणार कुठून? चार वर्षं आणि एक जुळा, असे पाच ग्लास लावले. उभी मांडणी करायची तर एक बाटली बाद होईल असं धरूनच रांग आखायची.

जुळा नऊ जणांनी ओळखला. टाळ्या वाजवण्याआधी विचारलं, कसा? रंगावरून. जुन्या लाल वाइनची कड विटकरी होते, नव्या वाइनमध्ये जांभळी छटा असते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की वर्षांचा क्रम बऱ्यापैकी लागतो. म्हणजे उभ्या मांडणीत बाटली झाकून अर्धंच काम होतं. ‘जुनी ती चांगली’ हे मनात घेऊन बसलेल्याला उत्तर ग्लासातच दिसत असतं.

आणि मुळात या मांडणीत उत्तर मिळतं ते कशाचं? २०१२ आणि २०१८ मध्ये हवामान वेगळं, वयात सहा वर्षांचं अंतर, बोर्दो असल्यामुळे मिश्रणातलं कॅबर्ने-मर्लो द्राक्षांचं प्रमाणही दरवर्षी थोडं हललेलं. वाइन ठेवून सुधारली की ते वर्षच चांगलं होतं, हे इथून सुटत नाही. त्याला एकच उपाय: एकाच वर्षाच्या सहा बाटल्या घेऊन ठेवायच्या, दर दोन वर्षांनी एक उघडायची. तेव्हाही आधीच्या वेळची चव जिभेवर नाही, वहीत असते. उभी मांडणी एखाद्या घराची शैली ओळखायला उत्तम आहे; वयाच्या प्रश्नाला ती नुसता अंदाज देते.

२ मार्च २०२५

त्रिकोण चाचणी. माझी सगळ्यांत लाडकी, गटाची सगळ्यांत नावडती.

प्रश्न: लाल वाइन दोन तास आधी डिकँटरमध्ये (काचेच्या रुंद चंबूत) ओतून ठेवली तर ताज्या उघडलेल्यापेक्षा वेगळी लागते का? ‘चांगली लागते का’ हे नंतरचं. प्रत्येकापुढे तीन ग्लास. दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्या. वेगळा कुठला ते दाखवायचं, न कळल्यास ठोकून द्यायचं, पण कोरं ठेवायचं नाही. ताजी क, ठेवलेली ख धरली तर ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख अशा सहा रांगा. प्रत्येक रांग दोघांना. जुळा इथे मांडणीतच आहे, वेगळा लागत नाही.

एक खाच सांभाळावी लागली. दोन्हीकडे एकेकच बाटली वापरली तर बाटलीतला फरक डिकँटरच्या खात्यावर जमा होतो. म्हणून एकाच पेटीतल्या चार बाटल्या: दोन आधी ओतलेल्या, दोन ऐन वेळी उघडलेल्या, आणि एकाच माणसाचे ‘सारखे’ दोन ग्लास मुद्दाम वेगवेगळ्या बाटल्यांतले. तापमान सगळ्यांचं १७ अंशांवर. डिकँटर टेबलावर आणि बाटली गार कपाटात असती तर लोकांनी ओठांनीच ओळखलं असतं.

अंदाजाने तिघांत एक बरोबर येतोच, म्हणजे बारांत चार. फरक कळतो असं पाच टक्क्यांच्या कसोटीवर (नुसत्या नशिबाने तसं घडायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) म्हणायला किमान आठ बरोबर हवेत. आले सहा.

इथे भांडण. एक बाजू: “बघ, डिकँटर म्हणजे नुसती शोभा.” दुसरी: “सहा जणांना कळलं की!” दोन्हींना हात जोडले. सहा म्हणजे फरक आहे असं सिद्ध झालं नाही. फरक नाही असंही झालं नाही. चोवीस जण असते तर तेरा पुरले असते, बारांना आठ लागतात. माणसं कमी तेवढी अट कडक. डिकँटरचा प्रश्न जास्त माणसं घेऊन परत करायचा. आवड विचारायची ती फक्त बरोबर ओळखणाऱ्यांना, कारण बाकीच्यांची आवड कुठल्या ग्लासाबद्दल हेच माहीत नाही.

९ मार्च २०२५

गुण की क्रम? वीसपैकी गुण देण्याची मागणी परत आली. वाद घालण्याऐवजी हे उदाहरण पाठवलं. पहिला माणूस: अ १७, ब १६. दुसरा: अ १६.५, ब १६. तिसरा: अ ११, ब १८. तिघांत दोघांना अ जास्त आवडली. सरासरी काढली तर अ १४.८, ब १६.७, ब जिंकली, कारण तिसरा सढळ हाताने वर-खाली गुण देतो. सरासरीत जोर ज्याचा आवाका मोठा त्याचा.

१९७६ ची पॅरिसची टेस्टिंग याच कारणासाठी अजून चघळली जाते. २४ मे रोजी पॅरिसमधले वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी घडवून आणलेली, फ्रेंच विरुद्ध कॅलिफोर्नियाच्या वाइनची. परीक्षकांनी प्रत्येक वाइनला वीसपैकी गुण दिले, स्परियर आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलघर यांचे गुण सोडून नऊ फ्रेंच परीक्षकांची सरासरी धरली. पांढऱ्यांत शातो माँटेलेना १९७३ पहिली, लाल वाइनमध्ये स्टॅग्स लीप वाइन सेलर्स १९७३, तीही थोडक्यात. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. मला त्यात निकालापेक्षा मांडणी शिकण्यासारखी वाटते. वर्षं एक नव्हती, भाग एक नव्हता. ती आडवीही नव्हती आणि उभीही नव्हती. शिवाय पांढऱ्यांचा निकाल लाल वाइन चाखायच्या आधीच वाचून दाखवला गेला. परीक्षकांना एकदा कळलं की कॅलिफोर्निया पुढे आहे, की पुढच्या फेरीत ते वाइन चाखतील की कॅलिफोर्निया शोधतील? आमचा नियम: सगळे कागद जमा झाल्याशिवाय एकही नाव फोडायचं नाही.

ठरलं ते असं: क्रम लावायचा, बरोबरी चालेल, क्रमांची बेरीज करायची, सर्वांत कमी बेरीज पहिली. गुण ज्याला हवेत त्याने आपल्या वहीत लिहावेत.

१७ मार्च २०२५

काळे ग्लास आले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग घातला, तर वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. आमच्याकडे पांढरी आणि किंचित गार केलेली हलकी लाल ठेवली. हसू खूप, माहिती थोडी. काळे ग्लास पुढच्या उभ्या मांडणीसाठी राखून ठेवले. खरा उपयोग तिथे आहे.

२३ मार्च २०२५

आज काकांशी लांबलचक बोलणं. ते गटात सगळ्यांत जुने, आणि ब्लाइंड टेस्टिंगला त्यांचा विरोध सुरुवातीपासून.

“अगं, नाव झाकलंस की सगळ्यांना सारखीच दोन मिनिटं मिळतात. काही वाइन दोन मिनिटांत बोलतच नाहीत. नाव दिसलं तर मी थांबेन तरी.”

“पण काका, नाव दिसलं की तुम्ही थांबाल ते चव शोधायला की नावाला साजेसं काही सापडेपर्यंत?”

“दोन्हीला. आणि त्यात वाईट काय?”

त्यांचा मुद्दा टाकाऊ नाही. सहा सारख्या वाइनच्या रांगेत पिकलेली, ओकचा भरपूर वास असलेली, अल्कोहोल जास्त असलेली वाइन पहिल्या घोटालाच लक्ष वेधते. नाजूक वाइन चौथ्या-पाचव्या क्रमावर पडून राहते. हा दोष नाव झाकण्यापेक्षा रांगेचा आणि घाईचा जास्त आहे. दुसऱ्या बाजूला २००८ चा तो किमतीचा प्रयोग: तीच वाइन दोनदा, एकदा दहा डॉलरची म्हणून, एकदा नव्वदची म्हणून. लोकांना नव्वदची जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणात सुखाशी संबंधित भागही जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त आवडली होती. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग माझंच खरं झालं ना!” यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही.

तोडगा निघाला तो तीन टप्प्यांचा. ब्लाइंड क्रम लावायचा. तेच ग्लास चाळीस मिनिटं तसेच ठेवून, नावं झाकलेलीच असताना, परत क्रम लावायचा. मग नावं उघडून तिसऱ्यांदा. तिन्ही क्रम एकाच कागदावर, वेगवेगळ्या शाईत. पहिल्या-दुसऱ्यात जे हललं ते वेळेमुळे म्हणता येईल, दुसऱ्या-तिसऱ्यात जे हललं ते नावामुळे. जुळा ग्लास आहेच. कुणाच्याही हातात काही नवं न येता क्रम किती हलतो हे तो सांगेल. यासाठी ग्लासात २५ मिलि. पुरणार नाही, ४० तरी हवी, म्हणून या मांडणीला बारा नाही, आठच जण: जुळ्याचे सोळा ग्लास, ६४० मिलि. विल्यम्सच्या सहा ओळी आठांत नीट वाटल्या जात नाहीत, दोघांना आधीच्याच ओळी परत द्याव्या लागतील. चालेल.

३० मार्च २०२५

एक प्रश्न राहिला होता. दर वेळी ओतणारी मी, म्हणून चाखायची बाकी मी. दोघांनी मिळून हे सुटतं. पहिली व्यक्ती बाटल्या पिशव्यांत घालून वर अ, आ, इ अशी अक्षरं लावते, आपली यादी पाकिटात बंद करते आणि खोलीबाहेर जाते. दुसरी आत येऊन अक्षरांवर आकडे चिकटवते, जुळ्याला दोन आकडे देते, तिची यादी दुसऱ्या पाकिटात. पहिलीला आकडे माहीत नाहीत, दुसरीला नावं माहीत नाहीत. दोघी चाखू शकतात. फक्त जुळ्याचे दोन आकडे दुसरीला ठाऊक असतात, म्हणून जुळ्याच्या हिशेबात तिचा कागद धरायचा नाही.

एक सावधगिरी: बाटलीचा घाट पिशवीतूनही कळतो. बर्गंडीची उतरत्या खांद्यांची, बोर्दोची चौकोनी खांद्यांची, रीसलिंगची उंच सडपातळ. घाट मिसळलेले असतील तर ओतणाऱ्या दुसरीला सगळं कळलं म्हणून समजा. तेव्हा पहिलीने वाइन आधी सारख्या चंबूंमध्ये काढून द्यायची. फिरकीची झाकणं आणि बुचं दोन्ही खिशात घालून घेऊन जायची, टेबलावर विसरायची नाहीत.

पुढची बैठक तीन टप्प्यांची, आठ जणांची, रीसलिंगची. अक्षरं लावायला काका तयार झाले आहेत.